दारावरची पाटी

हुडकेश्वरच्या नव्या फ्लॅटच्या दारावर ‘अभिजीत धम्मानंद गजभिये’ अशी पाटी लावायची, हे बाबांनी केव्हाच ठरवलं होतं. शेजारी मात्र ‘पूर्ण नाव काय?’ विचारायचे तेव्हा अभिजीत पहिलंच नाव सांगून विषय बदलायचा.

"पाटीचे डिझाइन पाहतो गा," म्हणत बाबांनी त्याचा मोबाईल घेतला आणि एका बोटाने ‘नाव’ एवढंच टाइप केलं. खाली लगेच त्याचा जुना सर्च आला: ‘नावातून आडनाव कसं काढायचं’.

बाबांनी फोन परत दिला. "चार्जिंगले लाव, बॅटरी उतरून राहिली."

अभिजीतने घाईघाईने सगळी हिस्ट्री पुसली. काहीच लक्षात न ठेवणारं दुसरं सर्च इंजिनही टाकून घेतलं. बाबांना तसंही बारीक अक्षर दिसत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

रविवारी बाबा सीताबर्डीहून पाटी घेऊन आले. तिच्यावर नुसतंच ‘अभिजीत’ होतं.

"आडनाव नाही टाकलं," ते खिळा शोधत म्हणाले.



खिळा सापडल्यावर पाटी दाराला लावून पाहत तेच पुढे म्हणाले, "मंग पाहिलं, तं माह्या नावावरूनही समजतेच. म्हणून तेही काढाले लावलं."