दुसऱ्या अंकातली बहीण

दुपारच्या प्रयोगाला तासभर उरला होता आणि मंडळीतल्या ज्येष्ठ नटीच्या, बाईंच्या, मेकअपच्या खोलीच्या दारात दिग्दर्शक उभा राहून नुसता घसा खाकरत होता.

बाई आरशासमोर बसल्या होत्या. मागे स्टुलावर प्रॉम्प्टर, मांडीवर नाटकाची वही घेऊन. बावीस वर्षं विंगेच्या अंधारात उभं राहून तिने बाईंना वाक्यं पुरवली होती. नाटक मंडळीत तिचं नावच पडलं होतं, कुजबूज.

"बाई, आज तुमच्या भूमिकेसाठी त्या तरुण नटीला तयार राहायला सांगितलंय," दिग्दर्शक एकदाचा बोलला. "तुम्ही जरा विश्रांती घ्या."

कुजबूजने मांडीवरची वही मिटली. मागच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, बाई मध्येच थांबल्या होत्या. तिने वाक्य तीनदा पुरवलं, पण बाईंच्या खुर्चीपर्यंत ते पोचेचना. प्रेक्षकांत आधी एकजण खोकला, मग बरेच जण खोकले.

बाईंनी पावडरचा पफ खाली ठेवला. पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिग्दर्शकाच्या हातात दिला.

"डॉक्टरांचा आहे. वाच. माझं विसरणं वाढत जाणार आहे. आजपासून लपवाछपवी बंद. बाकीच्यांना मीच सांगते."

दिग्दर्शकाने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि कपड्यांच्या पेटीवरच टेकला.

"आता माझं ऐक," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात मी एकटी बसून जुनी पत्रं चाळते ना? तिथे माझी धाकटी बहीण बसू दे. तिच्या हातात वही असेल. मी अडले की ती आठवण करून देईल. या वयाच्या बाईला आठवण करून देणारं घरात कोणी असायचंच की."

"बहीण? आणि ती कोण करणार?"

बाईंनी आरशातूनच कुजबूजकडे पाहिलं.

"अगं बाई!" कुजबूज उठूनच उभी राहिली. "मला नाही जमायचं."

"तुला वेगळं काही करायचंच नाहीये. अंधारात करतेस ते उजेडात कर."

"पण तुम्हाला चारचौघांत 'तू' म्हणायचं?"

"बहीण काय अहोजाहो करणार आहे मला?"

दिग्दर्शकाला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "आणि मध्येच अडलं तर?"

"अडणारच आहे. म्हणून तर तिला बसवतेय." बाईंचा आवाज खाली आला. "त्या तरुण नटीला तयार ठेव. तिची वेळ येणार आहे, मला कळतं ते. हिने शेजारी बसून सांगितलेलंही ज्या दिवशी मला बोलता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून तुझ्या दारात येईन. पण तू असा माझ्या दारात उभा राहू नकोस रे."

दिग्दर्शकाने कागदाची घडी घातली. मग उठून त्याने बाहेर हाक मारली, "अरे, दुसऱ्या अंकाला आणखी एक खुर्ची लावा!"

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा कुजबूज बाईंच्या शालीत अंग चोरून बसली होती. नजर वहीतून हलत नव्हती. दिव्यांची धग गालाला लागत होती. बाई एकेक पत्र उचलून बोलत होत्या, अगदी झोकात. एक पान झालं, दोन झाली. तिसऱ्या पत्रावर त्या थांबल्या. हात हवेतच राहिला.

कुजबूजने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई," ती म्हणाली, "तू त्या घराचं सांगत होतीस."

"हो, घराचं!" बाईंचा चेहरा उजळला आणि पुढची वाक्यं सरसर येत गेली. विंगेत दिग्दर्शकाने रोखून धरलेला श्वास सोडला. पुढे आणखी दोनदा असंच झालं. प्रेक्षकांना ती विसराळू थोरली आणि तिची वहीवाली धाकटी आवडायला लागली होती. एकदा तर ते मायेने हसलेही.

त्या हसण्याने बाईंना हुरूप आला. वहीत नव्हतं ते त्या बोलून गेल्या. पत्र बाजूला ठेवून बहिणीकडे वळल्या आणि विचारलं, "तुला आठवतं का गं हे सगळं?"

कुजबूजने वहीत पाहिलं. तिथे उत्तर नव्हतं. तिने मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरचं भरलेलं सभागृह दिसलं. रांगांमागे रांगा, चेहरेच चेहरे. बावीस वर्षं दुसऱ्याला शब्द देणाऱ्या बाईला स्वतःचा एक शब्द सापडेना. विंगेत दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

कोणीतरी खोकलं.

बाई खुर्चीतून उठल्या. नाटकात हे उठणं नव्हतं. सावकाश चालत त्या बहिणीच्या मागे आल्या, तिच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली आणि ती करता करता तिच्या कानाशी वाकल्या.

"म्हण, आठवतं," त्या कुजबुजल्या.

"आठवतं, ताई," कुजबूज म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.