ओगावासाहेबांची तक्रार

१९८४ साली होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकवण्यासाठी ओगावा नावाचा जपानी इंजिनिअर मालवणात आला आणि विमलाबाईंकडे भाड्यानं राहिला. घरापासून बंदरापर्यंत प्रत्येक ओटीवरून त्याला एकच प्रश्न यायचा, "सायबानू, खंय चललात?" तो थांबून कुठं, कशाला, परत किती वाजता, हे सगळं रीतसर सांगायचा. तोवर विचारणारा घरात गेलेला असायचा.

महिनाभरात तो वैतागला. "हे लोक माझ्यावर पाळत का ठेवतात?" त्यानं नव्यानं शिकलेल्या मराठीत विमलाबाईंना विचारलं.

"पाळत कसली, सायबानू! कायतरी बोलूक व्हया म्हणान इचारतत."

"मग त्यांना सांगा, विचारू नका."

"बरां," म्हणून विमलाबाईंनी ते मासळी बाजारात सांगितलं. गावाला कळवायची याहून जलद सोय आमच्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून रस्ता शांत झाला. साहेब दिसला की लोक पाहुण्याचा मान राखून दुसरीकडे बघायचे. काही दिवसांनी तो मुद्दाम लांबच्या वाटेनं बंदरावर जाऊ लागला. तिथंही बातमी पोचली होती.

मग एका सकाळी तो दाजींच्या किराणा दुकानापुढे आपणहून थांबला आणि खोलीत घोकून ठेवलेलं वाक्य म्हणाला, "दाजीनू, मी बंदरार चललंय."

सुपारी कातरताना दाजींनी मान वर केली.

"कोणी इचारल्यान तुमका?"