नागपूरचा अंदाज

"कपाट उघडून दाखवू का?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"नगं मॅडम, बाहेरनंच कळतं." आसारामनं सागवानी कपाट वरखाली न्याहाळलं. "ह्याला चार मान्सं. जिन्यात वळलं न्हाई तर गॅलरीतनं दोरानं सोडायचं. त्याचे आठशे येगळे."

बाईंनी वहीत लिहून घेतलं.

नगरच्या सावेडीत आसारामचा घरसामान हलवायचा धंदा. टेम्पो दोन, त्यातला एक यंदा उभाच. एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम, पण मोबाईलवरच्या बड्या कंपन्यांनी गिऱ्हाइकं पळवलेली. छगन हा त्याचा बारा वर्षांचा जुना ड्रायव्हर. तो परवाच म्हणाला होता, "हंगाम असाच गेला तर मी दुसरीकडं बघतो, मालक." टेम्पो काय, कुणीही चालवेल. पण काचेचं सामान बांधावं ते छगननंच. तो गेला तर धंदा बसलाच म्हणून समजा. त्याला टिकवायचं तर हे नागपूरचं भाडं मिळायलाच हवं होतं. म्हणून आज त्यालाही बरोबर आणलं होतं.

बाईंनी फोनवर विचारलं होतं, "नगरहून नागपूरला दोन खोल्यांचं घर हलवायचं तर काय खर्च येतो? घरी येऊन नीट समजावून सांगाल?" बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा केदार नागपूरला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून आसारामनं एवढं काढून घेतलं होतं. बाकी विचारायची गरजच काय? उतारवयातली एकटी बाई मुलाकडं जाणार, हे काय पंचांगात बघावं लागतं?

"अडतीस हजार," त्यानं सांगितलं.

"कसे?"

आसाराम बुचकळ्यात पडला. गिऱ्हाईक 'कमी करा' म्हणतं. 'कसे' म्हणून आजवर कुणी विचारलं नव्हतं. कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर मात्र तो खुलला. टेम्पोला ब्रेक होते, त्याच्या तोंडाला नव्हते.

त्यानं डिझेल सांगितलं, टोल सांगितला, हमालांचा भाव सांगितला. खोकी नवी घ्यायची नसतात, औषधाच्या दुकानांतून जुनी मिळतात, तेही सांगितलं.

"आणि येताना?"

"येताना गाडी रिकामी. म्हनून दोन्ही बाजूचं डिझेल तुमच्याकडनंच घ्यायचं."

"नेहमी रिकामीच येते?"

आसाराम हसला. "तसं न्हाई. संत्री मिळत्यात. मंग ते भाडं आपलं."

"कोण देतं?"

त्यानं नागपूरच्या दलालाचं नाव सांगितलं. बाईंनी नंबर मागितला, त्यानं तोही दिला. बाईंना भाव पाडायचाय, हे त्यानं ओळखलं होतं. पाडू देत बापड्या. विश्वास बसला की माणूस दुसरीकडं जात नाही, असा त्याचा अनुभव होता.

"पावसाळा असता तर?"

"पावसाळा? आवो, अजून मे लागायचाय."

"समजा."

धडा संपल्याशिवाय मास्तरीणबाई सोडणार नाहीत, असं मनाशी म्हणत त्यानं ताडपत्रीचा खर्च सांगितला. नागपूरऐवजी इंदूर असतं तर, हेही बाईंनी विचारलं. पोराची बदली होत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं इंदूरचाही हिशेब करून दिला.

मग बाईंनी आतून चिनी मातीची किटली आणली. "छगनराव, ही कशी बांधाल?"

छगननं पोटात कागदाचे बोळे भरले, नळीला चिंधी गुंडाळली आणि किटली जुन्या साडीत अशी बसवली की बाई बघतच राहिल्या.

"अशी कला असणाऱ्याला पगार काय देता हो?" त्यांनी हसत विचारलं.

छगननं मालकाकडं बघितलं आणि चहाचा घोट घेतला. आसारामनं विषय बदलला.

बाईंनी खाली रेघ ओढली. "म्हणजे तुमचा खरा खर्च बावीस हजार सातशे."

आसारामनं आ वासला. इतका बिनचूक आकडा त्याला स्वतःलाही कधी काढता आला नव्हता. "अठ्ठावीस द्या मॅडम. मुलाकडं चाललाय तुमी, तुमच्याकडनं लई काय घ्यायचं?"

बाई नुसत्या हसल्या. "अक्षय्य तृतीयेला सकाळी आठला या. मुहूर्त चांगला आहे."

"बयाणा?"

"त्या दिवशी बघू."

घासाघीस न करता काम मिळालं म्हणून आसाराम शीळ घालत जिना उतरला. छगन मात्र मागं वळून वर गॅलरीकडं बघत होता.

ऐन अक्षय्य तृतीयेलाच छगननं सुट्टी घेतली. सासुरवाडीला, घोडेगावला जायचं म्हणाला. आसाराम चरफडला, पण चार हमाल घेऊन स्वतःच गाडी चालवत निघाला.

बाईंच्या फाटकात दुसराच टेम्पो उभा होता. कोरा करकरीत, झेंडूचा हार घातलेला. आणि त्याच्यासमोर कपाळाला कुंकू लावून, हातात नारळ घेऊन छगन उभा होता.

आसाराम घाईनं गाडीतनं उतरला. "कुनाच्या गाडीवर गेलास रं?"

छगननं जिन्याकडं बघितलं.

बाई ओवाळणीचं ताट घेऊन खाली आल्या. वर खिडक्यांचे पडदे तसेच होते, गॅलरीत कपडे वाळत होते. एकही खोकं भरलेलं दिसत नव्हतं.

"मॅडम, अठ्ठावीस जास्त वाटले तर बोलायचं हुतं! कुनाला दिलं काम? माजा मानूस फोडला त्यानं!"

"काम कुणालाच दिलेलं नाही. मी कुठे चाललेय?"

"मंग नागपूर? केदारसायेब?"

"तो बोलावतोय खरा. पण नुसतं बसून राहायला नागपूर कशाला हवं?" बाईंनी आसारामला कुंकू लावलं, हातात श्रीफळ दिलं. "सगळं तुम्ही शिकवलंत. पहिला मान तुमचा. गाडीवरचा तो पडदा तुम्हीच ओढा."

टेम्पोच्या अंगावर लाल कापड टांगलं होतं. काही न सुचून आसारामनं ते ओढलं.

'पुष्पावती होम शिफ्टिंग. नगर ते नागपूर, फक्त पंचवीस हजार.'