मुका सांता

स्टीलचा पेला टेबलावरून घरंगळला आणि ठण्णकन खाली पडला. जहाज जरा कललं की केबिनमधली एखादी तरी वस्तू असा घात करायची. तिने दाराच्या कडीवरचा हात तसाच ठेवला, श्वास रोखला. वरच्या बर्थवर लेकीने कूस बदलली आणि कुठे चाललीस, म्हणून विचारलं.

टॉवेलच्या घड्या घालायला, असं तिने सांगितलं. तासाभरात येते, मग संध्याकाळभर आपण दोघीच, पोहायच्या तलावात. लेकीने डोळे न उघडताच "हं" केलं. ते "हं" तिला जरा लागलं. वर्षभर लेक आजीकडे असायची. सुट्ट्यांच्या या एका सहलीला कामगारांना आपलं मूल सोबत आणता यायचं, आणि ती सहल अर्धी संपली होती ती दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात.

टॉवेल-बिवेल काही नव्हते. जहाजावरचा सांता सकाळपासून बादलीला मिठी मारून बसला होता. त्याला बोट लागली होती. तिच्या वरच्या शिट्टीसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव, अर्थात पाठीमागे. उंची तुझी, पोट उशीचं, असं म्हणून त्यांनी लाल झगा तिच्या हातात कोंबला.

अडचण एकच होती. ती मुलांच्या खोलीतली ताई. रोज सगळ्या पोरांना हात धुवायला लावणारा तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. मग सांता मुका, असा तोडगा निघाला. मुलांनी मागायचं, सांताने मान डोलवायची आणि बोट करायचं ते शेजारच्या दुकानाकडे. दुकानात एकच माल होता: खलाशाची टोपी घातलेलं अस्वल. पोराने सायकल मागो, आगगाडी मागो, नाहीतर धाकटा भाऊ मागो, सांताचं बोट अस्वलाकडे.

तोंडाला कुलूप घालणं सोपं होतं. हातांना कोण घालणार? पहिल्याच मुलाचं नाक तिने पांढऱ्या हातमोज्याने पुसलं. दुसऱ्याची नाडी बांधली. तिसरी शिंकली, तशी तिने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पोरीच्या आईला खुणेने स्वेटर घालायला सांगितला. रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला कोपर मारलं. म्हणाली, बघा, पुरुष असून कसं सुचतं त्याला, शिका काहीतरी. नवरा अस्वलांकडे बघत राहिला.

आणि मग रांगेच्या शेवटी तिला जहाजावरची इस्त्रीवाली मावशी दिसली. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोर एकटी पडलीय, सांता तरी दाखवू, एवढ्याच मायेने तिने लेकीचं बोट धरून आणलं होतं.

गेल्या वर्षी लेकीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला होता, सांता-बिंता काही नसतो, आईबापच असतात. लेक त्याला चावली होती. आजीला शाळेत बोलावून घेतलं, तरी लेक आपल्या म्हणण्यावरून हलली नाही. त्या पोरीला आज, असं, भर गर्दीत कळायला नको. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ठरवलं, की आभाळ कोसळलं तरी हे बाहेर काढायचे नाहीत.

रांग पुढे सरकत होती, मागे नवी पोरं येऊन उभी राहत होती. दुकानातल्या मुलीने विचारलं, साहेब, अजून किती वेळ? शिट्टीसाहेबांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडून सांगितलं, की अस्वलं संपेपर्यंत सांता खुर्चीवरून हलायचा नाही.

कबूल केलेल्या तासाभराचं काय झालं, हे विचारायला तिने दाढीआड तोंड उघडलं, आणि मिटलं.

लेक समोर आली. एक मोजा घोट्यावर उतरलेला. केस डोळ्यांवर. नाक वाहत होतं. तिन्ही एकदम. मांड्यांखाली हात वळवळले. तिने ते आणखी दाबले आणि समोरच्या खांबाकडे नजर लावली. लेक तिच्या मांडीवर चढून बसली, नीट टेकून. इतक्या दिवसांत ती चांगलीच जड झाली होती.

शिट्टीसाहेब वाकले. लाडिक सुरात म्हणाले, सांग बाळा सांताला, काय हवं तुला?

लेकीचं आणि त्या अस्वलाचं पहिल्या दिवशीच वाकडं आलं होतं. हे बघतंय एकीकडे आणि हसतंय दुसरीकडे, असं म्हणून तिने पाठ फिरवली होती. आता ती शिट्टीसाहेबांना ऐकू जाईल अशा बेताने, शाळेत कविता म्हणतात तशी, खणखणीत आवाजात म्हणाली,

"मला अस्वल हवं. दोन. एक मला आणि एक आजीला."

मावशीने कपाळाला हात लावला. शिट्टीसाहेबांचा चेहरा खुलला. मागची पोरं दचकली, आणि मग एकाने अस्वल मागितलं, दुसऱ्याने मागितलं, एकीने तर जमिनीवर बसकण मारली. सगळी रांग दुकानाकडे फुटली. सांता बोट दाखवायचं विसरला.

गल्ल्यावरची मुलगी मांडणीवरची शेवटची अस्वलं काढून देत होती. तिच्यामागे दोन हमाल नवी खोकी आत आणत होते.

लेकीची खोक्यांकडे पाठ होती. तिने सांताच्या कानावरची कापसाची दाढी पडद्यासारखी अलगद बाजूला केली, तोंड जवळ नेलं, आणि कुजबुजली,

"आई, आता तुला लवकर सोडतील ना?"