तिसरी जोडी

"हीपण परत न्या," कानसेन म्हणाला.

दुकानदाराने वायर गुंडाळायला घेतली. आठ महिन्यांतली ही सातवी जोडी. एकेक स्पीकर कमरेइतका उंच, आणि जिना तीन मजल्यांचा. चढताना तो मोठ्याने पायऱ्या मोजायचा, उतरताना मनातल्या मनात शिव्या.

कानसेन हे नाव मित्रांनी थट्टेने ठेवलेलं. याने ते फारच मनावर घेतलं. निवृत्त झाल्याबरोबर मधली भिंत पाडून त्याने दोन खोल्यांची एक मोठी खोली केली, फक्त ऐकण्यासाठी. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, मधोमध एकच खुर्ची. पाडलेल्या भिंतीपलीकडच्या खोलीत बायको शिकवण्या घेत असे. आता जागा नाही, असं तिने मुलांना सांगितलं आणि मुलं दुसरीकडे गेली. त्या खोलीचं दार मात्र तसंच राहिलं.

आणि एवढं करून त्या मोठ्या खोलीत कुठलाच स्पीकर मनासारखा वाजेना. आवाज भरपूर यायचा, गोडही यायचा, पण समोर कुणी बसून वाजवतंय असं काही वाटायचं नाही. त्यात गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याचे कान हळूहळू जात आहेत. अजून वर्षभर, फार तर दोन. तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. कान शाबूत आहेत तोवर एकदा, एकदाच, खरा सूर ऐकायचा होता.

स्पीकर पारखायला तो एकच सीडी लावी. एकट्या व्हायोलिनची, सहा मिनिटांची. ती घरातल्या पातेल्यांनाही पाठ झाली असावी.

"तुम्ही किंमत बघून ऐकता," चहाचे कप ठेवत बायको म्हणाली. बोलायचंही तिच्या जिवावर आल्यासारखं वाटत होतं. मग ती दुकानदाराकडे वळली. "मध्ये पडदा लावा. काय वाजतंय ते यांना कळूच देऊ नका. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. आठ महिने तिच्याच हातचा चहा पीत होता तो.

"वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, साहेब. रविवारी तीन जोड्या लावतो. त्यातली एक घ्यायची, नाहीतर मला मोकळं करायचं."

कानसेन कबूल झाला. तोही मेटाकुटीला आला होता.

रविवारी दुपारी दुकानदाराने दोन जोड्या धापा टाकत वर आणल्या आणि पडद्यामागे नेल्या.

"तिसरी कुठाय?"

"ती मागाहून पलीकडच्या दाराने आत घेतो. हलकी आहे."

घरातल्या बोळात एक बॅग आडवी आली होती. या माणसाचं सामान नेहमीच पायात, असं पुटपुटत कानसेनाने ती पायाने बाजूला सारली. वर बघतो तर बायको बाहेरचे कपडे घालून उभी. तिच्या हनुवटीखाली डावीकडे लाल वळ उठला होता.

"काय चावलं तिथे?"

"काही नाही. जुनंच आहे, पुन्हा उठलंय. सकाळी मी काय म्हणाले, ते ऐकलंत ना? चारला गाडी येईल. मी ताईकडे राहायला जातेय. मला आता होत नाही हो. परत यायचं म्हटलं तर—"

"ऐकलं गं. जा ना, रहा हवे तेवढे दिवस." त्याची नजर पडद्यावर होती. "फक्त जाताना दार हळू लाव. मध्येच धाडकन वाजलं तर सगळ्यावर पाणी पडेल."

"लावीन," ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले.

पहिली जोडी वाजली. नुसताच दणका. दुसरी बरी होती, पण सूर काचेमागून आल्यासारखे. "नाही," तो म्हणाला. आपल्या नशिबातच नाही, असं त्याला वाटलं आणि डोळे उघडावेसेही वाटेनात.

मग आधी ऐकू आला तो श्वास, वाजवण्याआधी घेतलेला. त्यामागून सूर आला आणि कानसेनाने खुर्चीचे हात घट्ट धरले. कुठे लाकूड किंचित करकरलं, तेही त्याला कळलं. मध्येच एक सूर जरासा उतरला. शेकडो वेळा ऐकूनही ही चूक त्याला कधी सापडली नव्हती. म्हणजे आजवरच्या सगळ्या स्पीकरांनी ती दडवून ठेवली होती, चोर लेकाचे! त्याला हसू आलं, आणि हसता हसता रडू. सूर थांबले तेव्हा आठ महिन्यांचा शीण अंगातून उतरून गेला होता.

"हीच!" तो उठून उभा राहिला. "काय जीव आहे हो या आवाजात! किंमत विचारतच नाही. हीच द्या."

दुकानदार पडद्याशी खाली मान घालून उभा होता. "ही माझी नाही, साहेब."

"मग ज्याची असेल त्याला सांगा, मागेल ते देतो. ही आता या घरातून जाता कामा नये."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दुकानदाराने पडदा ओढला.

मागे दोनच जोड्या होत्या. त्यांच्या मधोमध, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, बायको व्हायोलिन पेटीत ठेवत होती. तिने पेटी बंद केली, बोळातली बॅग उचलली आणि दार, त्याने सांगितलं होतं तसं, हळू लावलं.