नव्वद प्रश्न

“वाचू?” रेखा मॅडमनी विचारलं आणि चष्मा नाकावर चढवला.

उत्तमनं मान हलवली. शेजारच्या खुर्चीत त्याची लेक रेवा हाताची घडी घालून बसली होती. दहावीची परीक्षा संपली होती. अकरावीला गणित-कॉम्प्युटर घ्यायचं की बायोलॉजी, याचा फॉर्म आज शाळा सुटायच्या आत ऑफिसात द्यायचा होता. फॉर्म टेबलावरच होता. सगळा भरलेला, विषयाची चौकट तेवढी कोरी, आणि खाली बापाच्या सहीची जागा.

दोन आठवडे बाप-लेकीची यावरूनच जुंपली होती. रेवाला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा होता. ते नाव काढलं तरी उत्तमच्या डोक्यात तिडीक जायची. “समुद्रानं पोट भरलं असतं, तर मालवण सोडून मी या वाळवंटात कशाला आलो असतो गं?” तो फोनवर ओरडायचा. तो ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत पाइपलाइनचा सुपरवायझर. बायको-मुलगी लांब, इकडे सहम गावात. लेकीनं एसीत, कॉम्प्युटरपुढे बसून चार सुखाचे घास खावेत, एवढंच त्याचं मागणं. आणि त्यापायी त्यानं एक लबाडी करून ठेवली होती.

त्याचं असं झालं. मागच्या शुक्रवारी रेखा मॅडमचा मेसेज आला. शाळेत मुलांना पुढची वाट दाखवायचं काम त्यांचं. मेसेज भला मोठा, इंग्रजीतला. पहिल्या ओळीत ‘करिअर टेस्ट’ आणि रेवाचं नाव, तळाशी लिंक. मधलं वाचायच्या भानगडीत उत्तम पडलाच नाही. लिंक लेकीला पाठवायची सोडून तो स्वतःच उत्तरं द्यायला बसला. खोलीतला जोडीदार सिराज कडेला बसून सल्ले देत होता. “उत्तमभाई, मशीन दिखे तो सीधा पाँच नंबर मारो. बच्ची इंजिनिअर, खलास!”

पहिले वीस-पंचवीस प्रश्न त्यानं तसेच उडवले. पण प्रश्न होते नव्वद. मधेच सिराज नमाजाला गेला. उत्तम एकटा राहिला, आणि प्रश्नही मग असे काही येऊ लागले, की जणू समोर कुणीतरी मायेनं विचारपूस करतंय. सुट्टीच्या दिवशी आपणहून कुठं जाता? काय बघताना वेळेचं भान राहत नाही? एखादा जीव वाचवताना स्वतःचं नुकसान केलंय का? उत्तमला जाळ्यात सापडलेलं कासव आठवलं. त्याच्यासाठी त्यानं नवंकोरं जाळं कापलं होतं आणि वडिलांकडून पाठ सोलून घेतली होती. चौदा वर्षांचा होता तेव्हा. बोट आपोआप चालत राहिलं. कुणासाठी भरतोय, हेही तो विसरून गेला.

आता ते सगळं मॅडमच्या हातात छापून आलं होतं. ‘मी कधी भरली ही टेस्ट?’ असं रेवा विचारणार, की आपलं पितळ उघडं!

मॅडम हळू आवाजात वाचू लागल्या. “या व्यक्तीला यंत्रं कळतात, पण त्यांत तिचा जीव रमत नाही. बंद खोलीत ती कोमेजते. पाणी, उघडं आभाळ, जिवंत प्राणी, यांच्यात ती स्वतःला विसरते. तासन् तास निरखत राहायची चिकाटी आहे. मुक्या जिवासाठी पदरचं नुकसान सोसायची तयारी आहे.”

उत्तमनं डोळे मिटून घेतले. यल्ला, चल, आता विचार एकदाचं.

“बाबा!” रेवा खुर्चीतून उठलीच. “धिस इज सो मी! मिस, एकन् एक लाइन… म्हणजे हे… हे तर मीच आहे!”

उत्तमनं डोळे उघडले. टेस्ट कुणी भरली, याचं लेकीला काहीच पडलं नव्हतं. ती नुसती उजळली होती. उत्तरं त्याची, आणि त्यांत स्वतःला बघून हसत होती ती.

“मॅडम,” त्यानं चाचरत विचारलं, “अशा माणसाला कॉम्प्युटरपुढं बसवलं तर?”

“बसेल की. पगारही घरी आणेल.” मॅडमनी खजुराची बशी त्याच्यापुढं सरकवली. “आत काय होत राहील, ते तुम्हीच सांगा.”

ते सांगायला उत्तमकडे रिफायनरीतली एकोणीस वर्षं होती. त्यानं फॉर्म ओढला, कोऱ्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत ‘बायोलॉजी’ लिहिलं आणि सही ठोकली.

रेवानं त्याच्या गळ्यात उडी घेतली.

“अगं हळू! मान मोडशील बापाची!” तो हसत ओरडला.

पण मन त्याला खातच होतं. दारापर्यंत गेलेला तो परत फिरला. “मॅडम, रागावू नका. ती टेस्ट रेवानं नाही, मी भरली होती.”

रेवाचा आ वासलेलाच राहिला. मॅडमना मात्र काडीचंही नवल वाटलं नाही. त्यांनी खण उघडून एक बंद पाकीट बाहेर काढलं.

“ती टेस्ट बापांसाठीच होती, स्वतःबद्दल भरायची. मेसेज पुढं कुणी वाचतच नाही! रेवानं तिची वर्गात बसून सोडवलीय; तिचा निकाल यात आहे, तो आपण अजून उघडलासुद्धा नाही.”