शाफ्टवर साडी मोफत

सूर्यभानने पिवळं प्लॅस्टिकचं कव्हर उचललं, दाबून पाहिलं आणि विचारलं, "छगनशेठ, हे शाफ्टबरोबरच येतं ना?"

"कव्हरवाल्याला सेल न्हाई, पाव्हणं. सेल हाय तो उघड्या शाफ्टला. आन् त्याच्यावर साडी मोफत." छगनशेठने दारावरच्या फलकाकडे बोट केलं.

खंडेनवमीचा दिवस होता. सोनईतल्या त्या दुकानात पाने, ग्रीस गन, नांगराचे फाळ, पट्टे असं सगळं उतरत्या भावात मांडलं होतं, आणि प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लागलं होतं. दारात सूर्यभानचा ट्रॅक्टर उभा होता, मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. इंजिनाचा जोर रोटाव्हेटरपर्यंत नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, कालच पिळवटून तुटला होता.

"अहो, ठेवा ते कव्हर," निकिता म्हणाली. "सकाळपासून मोबाईलवर सगळ्या दुकानांच्या जाहिराती बघितल्या मी. कुणी बादली देतंय, कुणी टॉवेल. साडी फक्त इथंच हाय. दर दसऱ्याला ट्रॅक्टरला काहीतरी नवं येतं. मला काय?"

"तुझं बी ऑइल बदलून देऊ का?"

"द्या की. पण आधी साडी."

सूर्यभान हसला. बायको लग्नातल्यासारखी लाजून नाही, भांडून मागत होती, आणि तेच त्याला आवडत होतं. साडी डाळिंबी रंगाची होती. तिने ती अजून हातातही घेतली नव्हती, नुसती बघत होती.

खाली बसून शाफ्ट जोडणारा गोरख फिटर मान वर न करता म्हणाला, "कव्हर घेतलेलं बरं, दादा."

"आरं, निम्मे लोक घरी नेऊन काढूनच टाकत्यात," छगनशेठ म्हणाला. "ग्रीस भरायला आडवं येतं."

ते काही खोटं नव्हतं. सूर्यभानच्या वस्तीवर कव्हर असलेला शाफ्ट शोधूनही सापडला नसता. त्याने कव्हर जागेवर ठेवलं. निकिताने साडी उचलली.

गोरख उठला. त्याने गळ्यातला पंचा काढून खिळ्याला अडकवला, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, शर्टाचं टोक पँटमध्ये खोचलं. मग सीटवर चढून त्याने इंजिन सुरू केलं आणि शाफ्टला जोर दिला. शाफ्ट फिरू लागला. कुणीतरी रोटाव्हेटरवर झेंडूचा हार घातला होता. हादऱ्यांनी त्याचं टोक हळूहळू खाली आलं आणि शाफ्टला टेकलं.

हार तुटताना कुणालाच दिसला नाही. आत्ता होता, आत्ता नव्हता. पाकळ्या सगळ्यांच्या तोंडावर उडाल्या.

मग छगनशेठच्या आई लंकाबाईंनी उंबऱ्यातूनच हात जोडले. "घेतला गं बाई! देवानं आपल्या हातानं हार घेतला! लई शुभ हाय."

जमलेल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यभानने पापणीवरची पाकळी पुसली. हाराचा दोरा शाफ्टभोवती इतका घट्ट बसला होता, की लोखंडाला आधीपासूनच रेघ असावी असं वाटत होतं. त्याने टाळी वाजवली नाही.

"चल पोरी, कुंकू लाव आता," लंकाबाई म्हणाल्या. "तिथं शाफ्टापाशी, रोटाव्हेटरच्या चौकटीला लाव."

निकिता ताट घेऊन पुढे झाली.

"आन् उघड्या डोक्यानं व्हय? पदर घे."

"ड्रेसला कुठला पदर, आजी?"

"मग ती नवी साडी कशाला हाय?"

सगळे हसले. निकितालाही हसू आलं. तिने साडीची घडी मोडली, एक टोक डोक्यावरून घेतलं. बाकीची साडी खांद्यावरून पाठीमागे लोंबत राहिली.

"गोरख," सूर्यभान म्हणाला, "बंद कर जरा. बंद झाल्यावर लावू दे."

गोरखचा हात लगेच चावीकडे गेला. जणू तो कुणीतरी हे म्हणायचीच वाट बघत होता.

"निजलेल्याला कुंकू लावत्यात का कधी?" लंकाबाई कडाडल्या. "सणासुदीचं कसलं अभद्र बोलतोस? यंत्र जागं पायजे."

गोरखने शेठकडे पाहिलं. शेठने मान हलवली. हात चावीवरून परत आला.

"भ्यायला काय तुमी नवे हाय का, सूर्यभानराव?" छगनशेठ म्हणाला, आणि पुन्हा लोक हसले. "फोटो काढा झकास. आपल्या ग्रुपवर टाकतो. शाफ्ट बी दिसला पायजे, साडी बी."

सूर्यभानने मोबाईल काढला. लोक हसत असताना हातांना काहीतरी काम लागतं.

निकिताच्या डाव्या हातात ताट होतं, उजव्या हाताच्या बोटावर कुंकू. ती वाकली. खळीची कोरी साडी, अंगावर बसत नव्हती. ती डोक्यावरून सरकली, खांद्यावर आली. सावरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"अहो," इंजिनाच्या आवाजावरून ती ओरडली, "नीट येतंय का?"

सूर्यभानने मोबाईलमध्ये पाहिलं. सगळं नीट येत होतं. डाळिंबी रंग, ताटातला दिवा, तिचं हसू. आणि शाफ्ट इतक्या जोरात फिरत होता, की मोबाईलमध्ये तो थांबलेला दिसत होता.